शस्त्रक्रियापूर्व व्यायाम : संज्ञा आणि प्रमाण

कर्करोगाचे निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये बहुधा काही आठवड्यांचा काळ जातो. हा काळ केवळ प्रतीक्षेत न घालविता व्यायाम, योग्य आहार व मानसिक आधार यांच्या योगे रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी सिद्ध करावे, या उपक्रमाला इंग्रजीत 'प्रिहॅबिलिटेशन' म्हणतात. 'रिहॅबिलिटेशन' या शब्दातील आद्य उपसर्ग काढून त्याच्या जागी पूर्वत्वदर्शक उपसर्ग बसविल्याने ही संज्ञा घडली. मराठीत तिचे 'पूर्वपुनर्वसन' असे भाषांतर केल्यास 'पूर्व' आणि 'पुनर्' यांच्यात विसंगती उत्पन्न होते; शिवाय 'पुनर्वसन' म्हणताच मराठी वाचकाला धरणग्रस्त आठवतात. 'शस्त्रक्रियापूर्व सिद्धता' ही संज्ञा त्या मानाने निर्दोष होय.

या कल्पनेचा शारीरिक आधार स्पष्ट आहे. मोठी शस्त्रक्रिया म्हणजे शरीराला घडणारे दीर्घ श्रमच होत. ऊतींना झालेल्या इजेमुळे पुढील काही दिवस प्राणवायूची गरज वाढते आणि ती भागविण्याचा भार हृदय व फुप्फुसे यांच्यावर पडतो. या अवयवांची राखीव शक्ती मोजण्यासाठी रुग्णाला स्थिर सायकल चालवावयास लावून त्याच्या श्वासातील वायूंचे मापन करतात. ज्या श्रमपातळीपुढे प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडून रक्तात लॅक्टिक आम्ल साचू लागते, तिला विनॉक्सी सीमा म्हणता येईल. ऑस्ट्रेलियातील पॉल ओल्डर व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या १८७ वयस्क रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला ११ मिलिलिटरपेक्षा ही सीमा कमी असलेल्या ५५ रुग्णांपैकी १० जण हृदय व रक्ताभिसरण यांच्या बिघाडाने दगावले. उरलेल्या १३२ जणांत असा मृत्यू एकच होता.

तथापि, अशक्त रुग्णाला धोका अधिक असतो एवढ्यावरून व्यायामाने धोका घटतो असे सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोगच हवा. माँट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठातील संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या व मलाशयाच्या कर्करोगाचे ७७ रुग्ण घेऊन २०१४ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही गटांना कार्यक्रम एकच होता. एका गटाने तो शस्त्रक्रियेपूर्वीच आरंभिला, दुसऱ्याने नंतर. शस्त्रक्रियेनंतर आठ आठवड्यांनी सहा मिनिटांत चालण्याचे अंतर पहिल्या गटात मूळच्यापेक्षा सरासरी सुमारे २४ मीटरनी वाढले होते, तर दुसऱ्यात सुमारे २२ मीटरनी घटले होते. मूळची क्षमता परत मिळविणारे पहिल्या गटात ८४ टक्के, तर दुसऱ्यात ६२ टक्के निघाले. गुंतागुंतींच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

गुंतागुंतींबाबतचे पुढील प्रयोगही एकमुखी नाहीत. माँट्रियलमध्येच जराजर्जर अशा ११० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात (२०२०) पूर्वसिद्धतेने गुंतागुंती कमी झाल्या नाहीत. नेदरलँड्सच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या प्रयोगात (२०२३) २५१ रुग्णांपैकी सिद्धता केलेल्यांत गंभीर गुंतागुंती १७.१ टक्के, तर इतरांत २९.७ टक्के आढळल्या. मात्र तो नियोजित रुग्णसंख्या पूर्ण होण्यापूर्वीच थांबवावा लागला होता. या दोन निष्कर्षांत दिसतो तितका विरोध नाही. पहिल्या प्रयोगातील रुग्ण मुळातच दुर्बळ होते, बहुतेक व्यायाम घरी करावयाचा होता आणि तुलनेच्या गटालाही शस्त्रक्रियेनंतर तोच कार्यक्रम मिळत होता. दुसऱ्यात चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली तीव्र व्यायाम झाला आणि तुलनेच्या गटाला केवळ नेहमीचे उपचार मिळाले.

तात्पर्य, शस्त्रक्रियापूर्व व्यायामाने चालण्याची क्षमता वाढते, हे बऱ्याच अंशी प्रस्थापित झाले आहे. गुंतागुंती टळतात की नाही, हे रुग्णाची मूळ स्थिती, व्यायामाची तीव्रता व देखरेख यांवर अवलंबून दिसते. ज्याला या सिद्धतेची गरज सर्वाधिक, त्यालाच ती पेलणे सर्वाधिक कठीण, हा या विषयातील खरा पेच होय. आणि व्यायामासाठी म्हणून शस्त्रक्रिया मनमानेल तितकी लांबविता येत नाही, कारण त्या आठवड्यांत व्याधीही स्वस्थ बसलेली नसते.