वेलांटी कुठे गेली? : चित्रकला आणि प्रोग्रॅमिंग एकत्र शिकण्याविषयी

(धाराशिव येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

दहावीचा निकाल लागला की कुणीतरी पालक मला हमखास विचारतात, "सर, पोरगी चित्रं छान काढते. इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे. पण आता कॉम्प्युटरला घालायचंय, तर चित्रकला बंद करू का?" उलटा प्रश्नही येतो. "पोरगं गणितात हुशार आहे, पण त्याला रेष सरळ मारता येत नाही. त्याला डिझाइन जमेल का?" दोन्ही प्रश्नांमागे एकच समजूत आहे: माणसं जन्मतःच दोन प्रकारची असतात. आज मला त्या समजुतीबद्दल बोलायचं आहे.

आधी माझीच एक फजिती सांगतो. 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, त्यानंतरची गोष्ट. एका कार्यक्रमाच्या फ्लेक्सची जबाबदारी माझ्याकडे होती. मजकूर मी मोबाईलवर टाईप केला, दोनदा वाचला आणि पाठवून दिला. सकाळी चौकात जाऊन बघतो तर फ्लेक्सवर भल्यामोठ्या अक्षरांत "धाराशवि"! लोक फोटो काढत होते. फ्लेक्स करणाऱ्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "सर, तुमचा मजकूर मी जसाच्या तसा चिकटवला." आणि त्याचं खरं होतं. माझा मजकूरही बरोबर होता. मग वेलांटी पळाली कुठे?

इथेच आपला विषय सुरू होतो. "धाराशिव" हा शब्द संगणक कसा साठवतो बघा. ध, काना, र, काना, श, वेलांटी, व. एकूण सात चिन्हं. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत यातल्या प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे. साठवताना आधी श येतो आणि मग वेलांटी, कारण आपण उच्चारही तसाच करतो. पण कागदावर ऱ्हस्व वेलांटी श च्या आधी काढतात. म्हणजे पडद्यावर दाखवताना कुणीतरी ती उचलून श च्या अलीकडे नेऊन ठेवायला हवी. हे काम एक प्रोग्रॅम करतो. त्या चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची ती सोय चालू नव्हती. त्यामुळे वेलांटी जिथे साठवली तिथेच राहिली, श आणि व यांच्या मधे. वाचणाऱ्याला ती व ची वाटली.

जुनं नाव घ्या, उस्मानाबाद. त्यात "स्म" आहे. संगणकाकडे स, हलन्त आणि म अशी तीन चिन्हं असतात. ती एकापाठोपाठ आली की अर्धा स दाखवायचा, हा नियम फॉन्टच्या आत लिहिलेला असतो. पण तो अर्धा स कुणीतरी हाताने आखलेला असावा लागतो. त्याची जाडी किती, दांडा कुठे तुटतो, म ला तो कुठे चिकटतो, हे डोळ्यालाच कळतं. म्हणजे फॉन्टमध्ये अर्धी चित्रं असतात आणि अर्धे नियम.

हे काम आपल्याकडे कुणी केलं? रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी. सुलेखनकार, कवी, जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक. पुढे त्यांनी मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन केंद्रात शिकवलं. त्यांचा जन्म 1936 चा. संगणकावरच्या अक्षरांचं काम त्यांनी सुरू केलं तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. विंडोजवर तुम्ही जो "मंगल" फॉन्ट वर्षानुवर्षं पाहिला, तो त्यांनी रेखलेला. सरकारी कार्यालयातलं पत्र, परीक्षेचं वेळापत्रक, कुठे कुठे तो पोचला! बोरू धरणाऱ्या माणसाने हे केलं. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. ते एकटे बसून सगळा कोड लिहीत नव्हते. त्यांच्या कामात संगणक अभियंते सोबत होते. पण संगणकाला काय सांगावं लागतं, हे समजून घेतल्यामुळे त्यांना त्या अभियंत्यांशी नेमकं बोलता आलं.

उलट दिशेने आलेला माणूसही सांगतो. अमेरिकेतले डोनाल्ड क्नुथ हे गणिती आणि प्रोग्रॅमर. सत्तरच्या दशकात स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची छपाई बघून ते इतके नाराज झाले, की पुस्तक बाजूला ठेवून छपाईचाच प्रोग्रॅम लिहायला बसले. अक्षरं काढण्यासाठी त्यांनी "मेटाफॉन्ट" ही भाषा तयार केली. पण चांगलं अक्षर कशाला म्हणायचं, हे शिकायला त्यांना हर्मन झाप्फ यांच्यासारख्या अक्षररचनाकारांकडेच जावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसं. आमच्या कळंब-भूमच्या पोरांचं काय?

रांगोळी घ्या. रांगोळी काढणाऱ्या कुठल्याही मुलीला प्रोग्रॅमिंगची एक मोठी कल्पना आधीच येत असते: एक पाकळी काढा, थोडं वळा, पुन्हा तीच काढा. पायथन भाषेत "टर्टल" म्हणून एक सोय आहे. पडद्यावरच्या कासवाला सांगायचं, एक पाकळी काढ, 60 अंश वळ, असं सहा वेळा कर. सहा साठे तीनशे साठ, फूल पूर्ण. चुकून 60 च्या जागी 50 लिहिलं तर सहा पाकळ्यांत 300 अंशच भरतात आणि एका बाजूला मोकळी जागा राहते. आकडा कुठे चुकला हे शोधण्याआधीच, फूल बिघडलं हे रांगोळीवालीला दिसतं. प्रोग्रॅमिंगमध्ये चूक दिसणं हे अर्धं काम आहे.

गणितवाल्या मुलांसाठीही एक काम सांगतो. एक साधं वेबपान बनवा, आपल्या गावाबद्दल. मग त्यातला श आणि ल नीट बघा. तो शाळेत आपण गिरवतो तसा मराठी वळणाचा आहे, की हिंदी वळणाचा? चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवता येतात. पानाच्या कोडमध्ये "भाषा मराठी" अशी एक छोटी नोंद केली, की असा फॉन्ट मराठी वळण दाखवतो. नोंद एका ओळीची आहे. पण ती करावी असं वाटायला आधी फरक दिसला पाहिजे. मुंबईच्या "एक टाईप" या गटाचे "मुक्त" आणि "बलू" हे फॉन्ट मोफत मिळतात. ते उतरवून घ्या, मोठे करून बघा.

आता "कुणीही शिकू शकतं का?" याचं सरळ उत्तर. सुरुवात कुणीही करू शकतं. दोन्हीकडे कामापुरतं येणं, हे नियमित सराव करणाऱ्या बहुतेकांना जमतं. दोन्हीकडे निष्णात होणारे मात्र थोडेच, आणि त्याला वर्षं लागतात. तीन महिन्यांत दोन्ही शिकवतो म्हणणाऱ्या जाहिरातीपासून चार हात लांब राहा. दोन वेगवेगळे क्लास लावण्यापेक्षा असं एक छोटं काम निवडा, ज्यात चित्राशिवाय कोड अडेल आणि कोडशिवाय चित्र अडेल.

आणि कच्चं राहिलं तर लाजू नका. आपल्या तेरचे गोरोबाकाका. त्यांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं, अशी कथा आहे. नामदेव कच्चे ठरले. रागावले, पण मग विसोबा खेचरांकडे जाऊन शिकले. तुमचं काम दुसऱ्याच्या हाती द्या, त्याला थापटू द्या. माझा फ्लेक्स छापण्याआधी मी कुणाला दाखवला असता, तर चौकात हसं झालं नसतं.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यातले दोन येथे देत आहोत.)

प्रश्न : सर, घरी लॅपटॉप नाही, मोबाईलच आहे. चालेल का?

उत्तर : सुरुवातीला चालेल. टर्टलचे प्रोग्रॅम मोबाईलच्या ब्राउझरवरही करता येतात, आणि आराखडा काढायला चौकटीची वही बेस्ट. पण अक्षरं रेखायची, मोठं डिझाइन करायचं तर मोबाईल अपुरा पडतो, हे खोटं बोलून लपवणार नाही. शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातले दोन तास मागून घ्या. चार जण मिळून मागितलंत तर लवकर मिळतील.

प्रश्न : यातून पोरीला नोकरी लागेल का?

उत्तर : काकू, हमी मी देणार नाही. पण एवढं सांगतो. त्या दिवशी फ्लेक्सच्या दुकानात संगणक होता, सॉफ्टवेअर होतं, काम करणारा पोरगाही मेहनती होता. वेलांटी का पळते हे जाणणारं तिथे कुणी नव्हतं. तुमची पोरगी ते जाणणारी झाली, तर तिला काम देणाऱ्याला तिचा उपयोग पहिल्याच दिवशी कळेल. तिची चित्रकला बंद करू नका.