एका हाताने ‘भायखळा’

हात नीट चालत नसेल, तर कॉम्प्युटर वापरायला लाखभराचं परदेशी यंत्र लागतं, हा समज अजून घट्ट आहे. खरं तर पहिली सोय घरातल्या कॉम्प्युटरमध्येच असते. मराठी टायपिंगच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘भायखळा’ टाइप करून पाहा. सहा कळा लागतात आणि त्यांतल्या भ, ख, ळ या तिघांसाठी शिफ्ट धरून ठेवावी लागते. अर्धांगवायूनंतर एकच हात चालणारा माणूस नेमका इथे अडतो. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ‘स्टिकी कीज’ सुरू करायची का, अशी विचारणा होते. हो म्हणा. मग आधी शिफ्ट, नंतर अक्षर, असं एकाच बोटाने जमतं. पैसा लागत नाही. हात थरथरत असेल, तर ‘फिल्टर कीज’ चुकून पुन्हा दाबली गेलेली कळ सोडून देते.

दुसरा समज : आता बोलून टाइप होतं, मग बाकी कशाला? गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ पासून आहे आणि उच्चार स्पष्ट असणाऱ्याला त्याचा मोठा आधार होतो. पण सेरेब्रल पाल्सीत हातांबरोबर अनेकदा जीभही अडखळते. शिवाय चाळीतल्या एका खोलीत, सगळ्यांच्या देखत, मैत्रिणीला लिहायचा मजकूर मोठ्याने कसा सांगायचा? खासगीपणा अपंग माणसालाही हवा असतो, हे आपण फार सहज विसरतो.

तिथे स्विच कामी येतो. पडद्यावरच्या कळफलकाच्या ओळी एकामागून एक उजळतात. हवी ती ओळ आली की स्विच दाबायचा, मग तसंच अक्षर निवडायचं. कोपर, गुडघा, डोकं, कशानेही तो दाबता येतो. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग शेवटची कित्येक वर्षं गालाच्या हालचालीवर लिहीत होते. असं लिहिणं सावकाश होतं, पण लिहिण्याचा वेग आणि बुद्धी यांचा संबंध जोडू नये.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो, यंत्र दुकानात निवडायचं असतं, हा समज. आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासणी हवी : बसण्याची ठेवण कशी आहे, मान किती वेळ सावरते, कोणती हालचाल न थकता, हुकमी होते. कधी खुर्चीची उंची बदलून पायांना टेकू दिला की हात मोकळा होतो आणि माउसऐवजी साधा ट्रॅकबॉल, म्हणजे जागच्या जागी बोटांनी फिरवायचा चेंडू, पुरतो. मुंबईला हे शास्त्र नवं नाही. परळच्या केईएममध्ये कमला निंबकर यांनी १९५० साली देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ची. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत चौकशी करण्याआधी अशा ठिकाणी जावं. आणि सरकारी नोकरीत असाल, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कार्यालयाने वाजवी सोय द्यायची असते. तिच्यासाठी अर्ज लेखी द्या.