‘डोया’ लिहिणारा मुलगा आणि सॅम्युअल कर्क

वऱ्हाडात, दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या एखाद्या तिसरीच्या वर्गात श्रुतलेखन घ्या. बाई सांगतात ‘काळा डोळा, थंड पाणी’ आणि वहीत उमटतं ‘काया डोया, थंड पानी’. मुलाचे कान शाबूत आहेत, बुद्धीही. घरी आजी जशी बोलते तसंच त्यानं इमानानं लिहिलं. शेजारचा मुलगा मात्र ‘कमळ’चं ‘मकळ’ करतो, जोडाक्षराशी अडखळतो, काल वाचलेला शब्द आज त्याला अनोळखी वाटतो. तोंडी विचाराल तर सगळं येतं. दोघांच्याही वहीवर लाल शाई सारखीच सांडते.

पहिल्याची चूक बोलीची आहे, दुसऱ्याची अडचण शिकण्यातली. हा फरक नेमका मांडला तो अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ सॅम्युअल कर्क यांनी. त्यांचा जन्म 1904चा, नॉर्थ डकोटातला. शिकागोत शिकत असताना ते जवळच्या ओक फॉरेस्ट इथं मुलांच्या निवासी संस्थेत काम करत. तिथल्या दहा वर्षांच्या एका मुलाला डॉक्टरांनी ‘शब्दांध’ ठरवलं होतं. रात्री नऊनंतर, बाकीची मुलं झोपली की तो हळूच उठून येई आणि स्वच्छतागृहाच्या दारापाशी, मिळेल त्या जागेत, कर्क त्याला वाचायला शिकवत. तो वाचू लागला आणि नेहमीच्या शाळेत परतला. कर्क यांच्या पुढच्या साऱ्या विद्वत्तेचं मूळ मला या चोरट्या शिकवणीत दिसतं.

1962च्या पाठ्यपुस्तकात त्यांनी अध्ययन अक्षमतेची व्याख्या दिली. बौद्धिक अपंगत्व, दृष्टी-श्रवणातले दोष, सांस्कृतिक कारणं आणि सदोष अध्यापन यांमुळे आलेली अडचण त्यांनी तिच्यातून स्पष्टपणे वगळली. 6 एप्रिल 1963 रोजी शिकागोत पालकांच्या परिषदेत हीच संज्ञा त्यांनी वापरली आणि ती जगभर गेली. पण त्याच भाषणात त्यांनी बजावलं होतं, की नुसत्या नावानं शिक्षकाच्या हाती काही पडत नाही. मुलाला काय जमतं, कुठं अडतं, ते शोधा. यासाठीच त्यांनी इलिनॉय विद्यापीठात भाषिक क्षमतांची चाचणी घडवली.

1996च्या जुलैत कर्क गेले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानं अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत रीतसर सवलती दिल्या: वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या भाषेतून सूट. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं या अक्षमतेला मान्यता दिली. हे मोलाचंच आहे. तरी पुष्कळ पालक अक्षमतेच्या दाखल्यासाठी धावपळ करतात ती दहावी तोंडावर आल्यावर. वाचनाची घडी बसवायचं वय तोवर निघून गेलेलं असतं.

2015 साली ‘डाली’ ही वाचनातली अक्षमता ओळखणारी, मराठीतही उपलब्ध असलेली चाचणी आली. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी तिच्यात प्राथमिक चाळणीची साधनं आहेत. वऱ्हाडात ती वापरताना कर्क यांचं वगळण्याचं कलम विसरून चालणार नाही: बोलीमुळे झालेली चूक म्हणजे अक्षमता नव्हे. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी ‘ळ’चा ‘य’, ‘ण’चा ‘न’ अशा बोलीतल्या बदलांची यादी करून प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या हाती द्यावी. हे काम एका उन्हाळी प्रशिक्षणात होण्याजोगं आहे.