नारळ, सनरूफ आणि मृगाचा पाऊस: काच बदलली, तरी गाडी का गळली?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ जमतील तेवढे काढलेत. मागे कोंबडा आरवत होता, तो इथे ऐकू येणार नाही, एवढाच फरक.

विषय आहे गाडीच्या सनरूफची फुटलेली काच बदलण्याचा. हा विषय मी निवडला नाही. माझ्या माडाने निवडला.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. मसुऱ्यात आमच्याकडे गाडी एरवी मांगरात असते. पण मांगराची एक भिंत उतरवली होती, आत चिरे रचलेले, म्हणून गाडी खळ्याच्या कडेला माडाखाली लावली. रात्री अडीचच्या सुमारास वारा सुटला आणि ‘धाड्’ असा आवाज आला. पाठोपाठ पत्र्यावर गारा पडाव्यात तसा सळसळता आवाज. बॅटरी घेऊन बाहेर आलो. नारळ गाडीच्या टपावर नव्हता, टपाच्या आत होता.

सकाळी शेजारचे आबा बघायला आले. म्हणाले, “अरे, नारळाक डोळे असतत, तो माणसाच्या डोक्यार पडाचो नाय. गाडयेचा मात्र कोणी सांगूक नाय!”

हसलो, पण आतून घाबरलो होतो. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कणकवलीला न्यावं लागतं. घरात गाडी एकच. आणि मृग लागायला उरले होते जेमतेम पंधरा दिवस.

काच अशी का फुटते?

आधी हिशेब करू. साधारण दीड किलोचा असोला नारळ १५ मीटर उंचीवरून सुटला, तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो. आघाताची ऊर्जा होते सुमारे २२० ज्यूल. गाडीच्या कडक काचेची चाचणी घेताना तिच्यावर २२७ ग्रॅमचा पोलादी गोळा दोन-अडीच मीटरवरून टाकतात. ती ऊर्जा पाच ज्यूलच्या आसपास. म्हणजे काच कच्ची नव्हती. आमच्या माडाने चाचणीच्या चाळीसपट जोर लावला होता.

आता काचेचे प्रकार. पुढची विंडशील्ड लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. ती तडकते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, पण जागेवर राहते. बहुतेक सनरूफची काच मात्र टेम्पर्ड असते. ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि हवेचे झोत मारून झटकन थंड करतात. बाहेरचा पृष्ठभाग आधी आवळतो, आतला भाग नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि आतला भाग कायम ताणाखाली राहतो. म्हणून ती मजबूत असते. पण चीर एकदा आतल्या ताणापर्यंत पोचली, की सगळा ताण एका क्षणात सुटतो आणि पूर्ण काचेचे साबुदाण्याएवढे दाणे होतात. धारदार पाती होत नाहीत, ही तिची चांगली बाजू. हजारो दाणे होतात, ही वाईट बाजू. आजच्या भागाचा खरा खलनायक हे दाणेच आहेत.

या काचेचं दुखरं अंग म्हणजे तिच्या कडा. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ह्युंदाईने अमेरिकेत व्हेलोस्टर गाड्या परत मागवल्या होत्या, कारण कारखान्यात बसवतानाच छपराची काच कमकुवत झालेली असण्याची शक्यता होती. म्हणजे नवी काच बसवतानाचा निष्काळजीपणासुद्धा पुढे महागात पडू शकतो.

पहिले दोन तास

माझं एक नशीब चांगलं. सनरूफखालचा सरकता पडदा बंद होता. बहुतेक दाणे त्याच्यावर साचले. पण नारळाने पडद्याला एका कोपऱ्यात भोक पाडलं होतं, तिथून उरलेले सीटवर.

इथे सगळ्यात महत्त्वाची सूचना: बटण दाबू नका, पडदा सरकवू नका. ‘बघू तरी मोटर चालते का’ हा मोह आवरा. दाणे पन्हाळीत, म्हणजे ज्या रुळांवर काच सरकते त्यांत पडलेले असतात. बटण दाबलं की दाणे भरडले जातात, रुळाला चरे पडतात, काच ओढणारी केबल अडकते. मग काचेचं काम राहत नाही, सगळी यंत्रणाच उतरवावी लागते.

मी हे केलं: आधी सगळ्या बाजूंनी फोटो. नारळासकट. माडही दिसेल असा एक. मग जाड हातमोजे आणि व्हॅक्यूम क्लीनर. झाडू नाही, झाडूने दाणे सीटच्या शिवणीत जातात. त्यानंतर टपावर जाड प्लॅस्टिक पसरलं, त्याच्या कडा चारही दारांच्या आत घेऊन दारं लावली, वरून ताडपत्री. पॅकिंगची चिकटपट्टी रंगावर लावू नका, उन्हात तापली की काढताना रंगाशी भांडते. मास्किंग टेप चालते.

अशी झाकलेली गाडी गॅरेजपर्यंत हळू नेता येते. हायवेवर नाही. वेग वाढला की टपावरची हवा प्लॅस्टिक वर ओढते आणि ते फाटतं. बाबांच्या पुढच्या फेऱ्या आम्ही शेजारच्या गाडीने आणि रिक्षाने केल्या.

विमा घ्यावा की खिशातून भरावं?

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसी असेल, तर नारळ पडणं हे ‘बाह्य कारणाने झालेला अपघात’ या सदरात बसतं. झीज आणि यांत्रिक बिघाड बसत नाहीत. म्हणून फोटो आणि नारळ दोन्ही जपून ठेवा. मी नारळ ठेवला होता. सर्वेअर गेल्यावर आईने त्याचं वाटप घातलं.

घसाऱ्याचा नियम असा: काचेवर घसारा शून्य. रबर, प्लॅस्टिक, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के. म्हणजे काचेची पूर्ण किंमत धरली जाते, भोवतीच्या रबराची अर्धी. शिवाय सक्तीची वजावट असते: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावर २,०००.

पण खरा हिशेब नो क्लेम बोनसचा. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा दरवर्षी चढतो आणि एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. समजा, तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि आज सवलत ३५ टक्के आहे. क्लेम केला नाही तर पुढे ४५, मग कायम ५० टक्के. क्लेम केला तर ०, २०, २५, ३५, ४५. दोन्ही रांगांतला फरक बघा: पहिल्या वर्षी ४,५०० रुपये, मग ३,०००, २,५००, १,५०० आणि ५००. बेरीज १२,०००. मूळ हप्ता तोच राहील असं धरलंय, पण अंदाज येतो. म्हणजे बिल ८,००० असेल तर क्लेम करणं तोट्याचं, २५,००० असेल तर फायद्याचं. बोनस सुरक्षित ठेवणारं जोडकलम घेतलेलं असेल तर गणित बदलतं, म्हणून पॉलिसीचं शेवटचं पान आधी वाचा.

माझं पहिलं अंदाजपत्रक क्लेम करण्याइतकं मोठं होतं. का मोठं होतं, तर त्यात पूर्ण सनरूफची ‘असेंब्ली’ धरली होती. मी विचारलं, “फक्त काच मिळत नाही का?” उत्तर आलं, “मिळते, पण मागवावी लागेल.” म्हणून हा प्रश्न विचारायला लाजू नका. चौकट, रूळ, मोटर धड असतील तर नुसती काच बदलता येते. मागवताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, चॅसी नंबर द्या. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या काचा वेगळ्या निघतात.

पहिली फिटिंग, आणि पहिला पाऊस

बारा दिवसांनी काच आली. गॅरेजमध्ये तासाभरात बसली. सरकत्या सनरूफची काच सहसा दोन्ही बाजूंना स्क्रूंवर बसते, त्यामुळे हे काम दिसायला सोपं. काच चकाचक, बटण दाबलं की उघडते, दाबलं की मिटते. मी खूश.

दोन दिवसांनी पाऊस आला. आमचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि सुरुवात करताना हातचं राखत नाही. कणकवलीहून परत येत होतो. डायलिसिसनंतर बाबा पार दमलेले, पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेले. एका वळणावर गाडी झुकली आणि वरच्या कोपऱ्यातून पाण्याची धार थेट त्यांच्या खांद्यावर. डोळे न उघडताच म्हणाले, “गाडी हा की पडवी?”

मी गाडी बाजूला घेतली, त्यांच्या अंगावर टॉवेल टाकला आणि सरळ घरी आलो. त्या दिवशी मला मेकॅनिकपेक्षा माझाच राग आला. काच नवी आहे एवढंच बघून मी पैसे दिले होते.

गळती काचेतून नव्हतीच

दुसऱ्या मेकॅनिकने मला शेजारी उभं करून दाखवलं, ते तुम्हाला सांगतो. या भागाचं सार हेच.

सनरूफची काच पाणी पूर्ण अडवत नाही. तशी अपेक्षाच नसते. भोवतीचं रबर बरंचसं पाणी थोपवतं. उरलेलं आत येतं आणि काचेखालच्या चौकटीत असलेल्या पन्हाळीत पडतं. पन्हाळीच्या कोपऱ्यांना बारीक नळ्या असतात. पुढच्या नळ्या विंडशील्डच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात, मागच्या मागल्या खांबांतून. पाणी गाडीखाली जातं आणि आपल्याला कळतही नाही.

म्हणजे आपलं कौलारू घरच. कौलं शाकारली पण पन्हळ पाल्याने तुंबलेली ठेवली, तर पाणी भिंतीतच मुरणार. आगोटीला आपण पन्हळ साफ करतो ना? तेच इथे.

माझ्या गाडीत डाव्या पुढच्या नळीच्या तोंडाशी काचेचे दाणे बसले होते, चिमूटभर. नवी काच त्यांच्यावरच बसवली होती.

नीट काम असं झालं. काच उतरवली. पन्हळ आणि रूळ व्हॅक्यूमने, मग ओल्या फडक्याने साफ केले. नळीत मऊ, लवचीक नायलॉनची दोरी घालून दाणे सैल केले. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारली नाही, कारण त्याने नळी आतल्या जोडापासून निसटू शकते, आणि मग पाणी गालिच्याखाली जातं. तिथे वायरी असतात, आणि आपल्या हवेत ओल्या गालिच्याला बुरशी धरायला चार दिवस पुरतात. साफसफाईनंतर प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतलं आणि खाली येताना डोळ्यांनी बघितलं. चारही कोपरे.

मग काच बसवून उंची लावली. पुढची कड टपाच्या बरोबरीला किंवा मिलिमीटरभर खाली, मागची कड बरोबरीला किंवा मिलिमीटरभर वर. उलट झालं तर वारा शीळ घालतो आणि पाणी आत ढकलतो. कागदाची पट्टी रबरात धरून काच मिटली आणि पट्टी ओढून पाहिली. चारही बाजूंना सारखीच घट्ट लागली पाहिजे. शेवटी सनरूफ रीसेट केलं, म्हणजे बटण दाबून धरून काचेला तिच्या सीमा पुन्हा शिकवल्या. हे केलं नाही तर मध्ये हात आला की थांबण्याची सोय नीट चालेलच असं नाही. रीसेटची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी, ती मालक-पुस्तिकेत असते.

पॅनोरमिक छपराची न सरकणारी काच असेल, तर ती स्क्रूवर नसते, पॉलियुरेथेनच्या डिंकाने चिकटवतात. हा डिंक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे कोकणातली दमट हवा त्याला आडवी येत नाही. पण चिकटवायची जागा कोरडीठाक हवी. उघड्यावर, पावसाच्या तोंडावर हे काम करून घेऊ नका, आणि सांगतील तेवढे तास गाडी हलवू नका.

पैसे देण्याआधी

गॅरेजमधून निघण्याआधी तीन गोष्टी समोर करून घ्या: चार कोपऱ्यांत पाणी, चार बाजूंना कागद, आणि पाइपने टपावर दहा मिनिटं पाणी मारताना आत बसून राहणं. मेकॅनिक हसला तर हसू दे.

दुसऱ्या कामाचे पैसे मी खिशातून भरले. त्याच आठवड्यात माडावर चढणारा गडी शोधून सुके नारळ आणि लोंबत्या झावळ्या उतरवून घेतल्या. खरं तर ते काम मेच्या सुरुवातीलाच व्हायला हवं होतं.

परवा परत कणकवलीला गेलो होतो. जाताना-येताना मुसळधार. घाटीच्या वळणावर बाबांनी वर बघितलं, टपाला हात लावून बघितला आणि परत डोळे मिटले. काही बोलले नाहीत. मी रेडिओ लावला.

तुमच्याही गाडीची अशी काही गोष्ट असेल तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर येवा, आणि येताना गाडी माडाखाली लावू नका.