टेल ट्विस्टरची वही

लायन्स क्लबच्या नमुना घटनेत अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या मागोमाग दोन ऐच्छिक पदं येतात: लायन टेमर आणि टेल ट्विस्टर. टेमरकडे झेंडे, बॅनर, घंटा आणि हातोडा. टेल ट्विस्टरकडे सभासदांची शेपटं. सभेत जीव राहावा म्हणून त्याने गमतीजमती कराव्यात, खेळ घ्यावेत आणि तारतम्याने दंड करावा, असं घटनेतच लिहिलेलं आहे. दंडावर अपील नाही. पण कार्यकारिणीने ठरवलेल्या रकमेच्या वर जायचं नाही, एका सभेत एकाच माणसाला दोनपेक्षा जास्त वेळा दंड करायचा नाही, आणि जमलेले पैसे लगेच खजिनदाराला देऊन पावती घ्यायची. खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा झाला, तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. हसण्याची एवढी काटेकोर तजवीज केलेली दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी क्लबची सभा महिन्यातून दोनदा, शनिवारी, मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरते. निमंत्रणात साडेआठ लिहिलेलं असतं. साडेआठला फक्त टेमर आलेला असतो, तोही माईकची वायर शोधत. टेल ट्विस्टर मात्र जिन्याच्या तोंडाशी उभा असतो. धंद्याने विमा एजंट. लायन्सचे संस्थापक मेल्विन जोन्स हेही शिकागोतले विमाव्यावसायिक. १९१७ साली त्यांनी हा पसारा उभा केला, तेव्हा त्याच शहरात रोटरीला बारा वर्षं झाली होती. रोटरीतही दंड आहेच, तिथे तो सार्जंट गोळा करतो. शिकागोच्या व्यापाऱ्यांना जेवणाच्या टेबलावर एकमेकांचे खिसे हलके करण्याची हौसच असावी.

जिन्यात उभं राहून आमचे विमावाले जे करतात, त्याला गप्पा म्हणणं चूक आहे. ती वसुलीपूर्व चौकशी असते. कोटावर क्लबची पिन आहे का, हे डोळ्यांनी. बाकीचं कानांनी. हार्डवेअरवाल्यांचा फोन वाजला, तर कोणाचा आणि तो का उचलला नाही. सकाळच्या पेपरात वृक्षारोपणाच्या फोटोत खड्ड्याभोवती नऊ जण दिसतात, त्यातला खरा खणणारा कोण. हे सगळं एका लांबट वहीत जातं. वहीत दर सभेचं पान वेगळं, आणि गुन्ह्यासमोर आकडा: दहा, वीस, पन्नास. शंभराच्या वर कार्यकारिणी जाऊ देत नाही.

घंटा वाजते, ध्वजवंदना होते, विश्वशांतीसाठी एक मिनिट मौन होतं, मागील इतिवृत्त कोणीही न ऐकता कायम होतं. मग सचिव मोतीबिंदू शिबिराचा अहवाल वाचतात. १९२५ साली हेलन केलर यांनी ओहायोतल्या अधिवेशनात लायन्सना अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून डोळे हा या मंडळींचा खास प्रांत. आमच्याकडचा अहवाल चोख असतो, फोटोंचं मात्र सांगता येत नाही. एकदा चष्मेवाटपाच्या फोटोत एक चष्मा धरायला अकरा हात होते. चष्मा आजींच्या नाकापर्यंत पोचायला इतका वेळ लागला की त्या म्हणाल्या, "बाबांनो, तुम्हीच घाला सगळे आळीपाळीने." विमावाल्यांनी अकरा हातांना दहा-दहा रुपये लावले. खजिनदारांनी पावती फाडली एकशे वीसची, कारण फोटो मोठा करून पाहिल्यावर मागून बारावा हात निघाला. तो खजिनदारांचाच होता.

जन्मतारखेचे दंड हा विमावाल्यांचा हुकमी विषय. वाढदिवस असून क्लबला पेढे आणले नाहीत, की वीस रुपये. एका वर्षी जूनच्या पहिल्या सभेत त्यांनी निम्म्या सभागृहाला उभं केलं. आमच्या पिढीत मुलाला शाळेत घालताना मास्तर विचारायचे, "कधीचा?" आणि आई-बाप गप्प राहिले की स्वतःच १ जून लिहून मोकळे व्हायचे. हार्डवेअरवाले चिडून म्हणाले, "अहो, ती शाळेतली तारीख! खरा मी अक्षय्य तृतीयेचा आहे." विमावाल्यांनी शांतपणे वहीचं मागचं पान उघडलं. "म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही पेढे आणले नाहीत. दोन वाढदिवस, चाळीस रुपये." दोन दंडांची मर्यादा तिथेच संपली, आणि हार्डवेअरवाले उरलेला वेळ मोबाइल खुशाल वाजू देत बसले.

लायन्समध्ये बायकांना १९८७पर्यंत सभासदत्वच नव्हतं. त्या काळातली एक सवय मात्र अजून टिकून आहे: सभासदाच्या पत्नीला 'लायन लेडी' म्हणण्याची. गावातल्या दातांच्या डॉक्टर आमच्या सभासद आहेत. एका सूत्रसंचालकाने त्यांना त्याच बिरुदाने व्यासपीठावर बोलावलं. त्या जागेवरच उभ्या राहून म्हणाल्या, "लायन मी आहे. लायन लेडी हे आमचे, तिसऱ्या रांगेत." सूत्रसंचालकाला पन्नास. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांना, ते सभासद नसतानाही, हसल्याबद्दल दहा. त्यांनी ते आनंदाने दिले.

हा आनंद मला आधी कळत नव्हता. मग लक्षात आलं की यातले निम्मे दंड मागून घेतलेले असतात. नवी गाडी घेतली, मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, साखर कारखान्याचं कंत्राट लागलं, हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर बढाई. तेच दुसऱ्याने आरोप म्हणून वाचून दाखवलं, की माणूस लाजत लाजत शंभराची नोट काढतो आणि टाळ्या घेतो. जिन्यात विमावाल्यांच्या कानाशी लागणारे लोक चहाड्या करत नसतात, स्वतःवरचे आरोप दाखल करत असतात. लागोपाठ दोन-तीन सभा ज्याला दंड झाला नाही, तो जेवताना गप्प असतो.

खरं कसब आहे ते कोणाला सोडायचं यात. वहीत काही नावांसमोर पेन्सिलीचा बारीक ठिपका असतो. रस्ता रुंदीकरणात ज्याचं दुकान पुढून कापलं गेलं त्याच्यासमोर होता. ज्याचं भावाशी कोर्टात चाललंय त्याच्यासमोर आहे. ते उशिरा आले, पिन विसरले, तरी विमावाल्यांना दिसत नाही. घटनेतलं 'तारतम्य' मला त्या ठिपक्यांत सापडलं.

हल्ली नोटा कोणाच्या खिशात नसतात. मग मेडिकलवाल्यांनी उदार मनाने आपल्या दुकानातला क्यूआर कोड आणि पैसे आले की बोलणारा डबा सभेला आणला. दुकानात मुलगा बसला होता, दुसरा क्यूआर तिथे होताच. दोन्ही एकाच खात्याचे, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. विश्वशांतीचं मौन सुरू झालं आणि डबा खणखणीत आवाजात म्हणाला, "तीनशे चाळीस रुपये प्राप्त झाले." एकाने डोळे उघडले. "साठ रुपये प्राप्त झाले." मिनिट संपेपर्यंत मेडिकलवाल्यांची रात्रीची उलाढाल क्लबला पाठ झाली होती. आदल्याच सभेत ते धंदा मंदीत असल्याचं सांगून शिबिराच्या वर्गणीतून सुटले होते. जगात शांती होण्याआधीच विमावाल्यांनी पेनाचं टोपण काढलं.

खजिनदारांपुढे मात्र खरा पेच पडला. दंड मेडिकलच्या खात्यात, पावती क्लबची. शिवाय सभासदांचे दंड प्रशासन खात्यात जातात. लोकांकडून शिबिरासाठी गोळा केलेले पैसे लोकांसाठीच वापरायचे, त्यांना जेवणाखाणासाठी हात लावायचा नाही. म्हणजे जिलेबी दंडातून, शस्त्रक्रिया देणगीतून. त्या रात्रीची जिलेबी औषधांच्या बिलात मिसळली होती, ती वेगळी काढायला त्यांना जेवण थांबवावं लागलं. लोक जेवण थांबल्याने खवळले आणि वकिलांनी ठराव मांडला: हा गोंधळ ज्याच्या कारकिर्दीत झाला, त्या टेल ट्विस्टरला पन्नास रुपये दंड करावा.

भराभर हात वर झाले. एक सोडून. वखारवाले काका, सगळ्यांत ज्येष्ठ माजी अध्यक्ष, खुर्चीत छान झोपले होते. विमावाले म्हणाले, "एकमत नाही. ठराव पडला." वकील म्हणाले, "झोपलेला माणूस हजर नसतो." विमावाले म्हणाले, "मग गणपूर्तीत त्यांना धरलंत कसं?" अध्यक्षांनी घटना मागवली, ती टेमरकडे, झेंड्यांच्या पेटीत तळाशी. या गलक्याने काकांची झोप चाळवली. ठराव मांडल्यावर जरा शांतता झाली की आपण बोलायचं, ही त्यांची कित्येक वर्षांची सवय. डोळे न उघडताच ते म्हणाले, "माझं अनुमोदन आहे."

सभागृहात हशा कोसळला. विमावाल्यांनी पन्नासची नोट काढली, खजिनदारांकडून पावती मागून घेतली आणि घडी घालून वहीत ठेवली. तेवढ्यात काका पूर्ण जागे होऊन शेजाऱ्याला विचारत होते, "कसला रे ठराव होता?"

"काका," विमावाले वही उघडत म्हणाले, "वीस रुपये."