एम.एस्सी. रसायनशास्त्र आणि एका विहिरीचे पाणी

बी.एस्सी.चा निकाल लागला की जुने विद्यार्थी शाळेत भेटायला येतात. ‘सर, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचे तर काय काय लागते?’ हा प्रश्न अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या शिक्षकांना नवा नाही.

पदवीला रसायनशास्त्र मुख्य विषय असावा लागतो, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. पुढचा हिशेब मात्र २०२३ मध्ये बदलला. राज्याच्या नव्या आराखड्यानुसार दोन वर्षांत, चार सत्रांत मिळून ८८ श्रेयांक मिळवायचे. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. मुख्य व ऐच्छिक विषयांखेरीज पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचे ४, दुसऱ्यात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्पाचे ४ आणि शेवटच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्पाचे ४ व ६ श्रेयांक असतात. ४४ श्रेयांकांनंतर, म्हणजे एका वर्षाने, पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. घरी कमावत्या हाताची निकड असेल तर ही सोय मोलाची आहे. पण असा विद्यार्थी प्रकल्पाच्या आधीच बाहेर पडतो, हे त्याला आधी सांगायला हवे.

प्रकल्पाचे एवढे काय? आपल्या गावातली विहीरच घेऊ. तिचे पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, भांड्यात पांढरे किटण धरते. बेसाल्ट खडक झिजताना कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यात उतरतात, त्याचा हा परिणाम. ५० मिलिलिटर पाणी घेतले, त्याचा सामू १० वर स्थिर राहील असे अमोनियायुक्त द्रावण घातले, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकला आणि ब्यूरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए सोडले. द्राक्षारसासारखा लाल रंग जाऊन निळा झाला तेव्हा २१ मिलिलिटर लागले होते. या द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ५० मिलिलिटरमध्ये २१ मिलिग्रॅम, म्हणून लिटरला ४२०. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते.

इथपर्यंत बी.एस्सी.चा विद्यार्थीही येतो. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने पुढे विचारायचे असते. ईडीटीएच्या क्षाराचे लिटरला ३.७२ ग्रॅम वजन केले खरे, पण द्रावण नेमके ०.०१ मोलर आहे हे प्रमाणित कॅल्शियम द्रावणाशी ताडून पाहिले का? ऊर्ध्वपातित पाण्यावर तोच प्रयोग केला तर किती लागते? ब्यूरेट वाचताना ०.०५ मिलिलिटरची चूक झाली तर उत्तरात लिटरला १ मिलिग्रॅमचा फरक पडतो, मग ‘४२०.३७’ हा आकडा कशाच्या जोरावर लिहिला? यात मॅग्नेशियम किती, आणि पावसाळ्यानंतर तीच विहीर काय सांगते?

१० श्रेयांकांच्या प्रकल्पाला प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने ३०० तास होतात. ते अशा प्रश्नांसाठी आहेत. आम्ही परीक्षक म्हणून गेलो असता एके ठिकाणी मागील वर्षीच्याच आकड्यांची नवी बांधणी हाती आली होती. विद्यार्थी हुशार होता, पण आपला दर्शक कोणता हे त्याला सांगता येईना. साखर कारखान्याच्या किंवा औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात त्याची पंचाईत होणार.

संशोधनातून एम.एस्सी. ही कल्पना आपल्याकडे जुनीच. कमला सोहोनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून त्यांना आधी नकार मिळाला. हट्टाने प्रवेश मिळवला तोही परीक्षणाखाली. दूध व डाळींतील प्रथिनांवर तिथे केलेल्या कामावर त्यांना १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळाली.

महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे असेल तर एम.एस्सी.ला साधारणतः ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि नेट किंवा सेट लागते. गुणांची चौकशी सगळेच करतात. प्रवेश घेण्यापूर्वी आपल्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट विचारून यायला सांगावे: शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळा दुपारनंतर किती वाजेपर्यंत उघडी मिळते?