नवा लॅपटॉप, कुठले विंडोज?

बारावीचा निकाल लागला की लॅपटॉपची खरेदी सुरू होते. प्रोसेसर, रॅम, बजेट यांवर घरात आठवडाभर खल होतो आणि विंडोजचा विषय मात्र दुकानदाराच्या 'ते आम्ही टाकून देऊ' एवढ्या बोलण्यावर मिटतो. पुढच्या बऱ्याच कटकटी तिथूनच सुरू होतात.

पैसे देण्याआधी खोक्यावरचे लेबल वाचा. तिथे 'विंडोज ११ होम', 'होम एसएल', 'प्रो' किंवा 'डॉस' यांपैकी काहीतरी असते. डॉस लिहिले असेल तर त्या लॅपटॉपमध्ये विंडोज नाही, म्हणून तो स्वस्त दिसतो. किमतींची तुलना करताना परवान्याचा खर्च त्यात मिळवा. मग बहुतेक वेळा विंडोजसह येणारा लॅपटॉपच परवडतो.

आता आवृत्ती. घर, कॉलेज, छोटे दुकान, टॅली, जीएसटी, श्रीलिपी यांसाठी होम पुरते. प्रो लागते ते ऑफिसच्या सर्व्हरला (डोमेनला) जोडायचे असेल, दुसरीकडून आपला लॅपटॉप विंडोजच्याच रिमोट डेस्कटॉपने चालवायचा असेल किंवा हायपर-व्ही वापरून एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र उभे करायचे असेल तर. 'प्रो जास्त फास्ट असते' असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. पुढे गरज पडलीच तर पैसे भरून होमचे प्रो करता येते.

एसएल म्हणजे सिंगल लँग्वेज. मेनू आणि सूचना एकाच भाषेत दिसतात. नंतर ती भाषा बदलता येत नाही. मात्र मराठी टायपिंगला याची अडचण नाही, मराठी कीबोर्ड एसएलमध्येही जोडता येतो. काही लॅपटॉप 'एस मोड'मध्ये येतात. त्यांत फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच ॲप चालतात. त्यातून बाहेर पडणे मोफत आहे, पण परत आत जाता येत नाही.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा लॅपटॉप घेत असाल तर आणखी एक चौकशी करा. जुना प्रिंटर किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाची विंडोजला ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, या प्रोसेसरच्या एआरएम रचनेसाठी बनलेला नसेल तर ते उपकरण चालणार नाही. करसल्लागारांनी हे आधीच विचारून घ्यावे.

परवाना ही आवृत्तीहून वेगळी गोष्ट. लॅपटॉपबरोबर येतो तो ओईएम परवाना: त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहिलेली असते, म्हणून ती स्टिकरवर शोधू नका. तो त्या लॅपटॉपपुरताच असतो. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना महाग, पण जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. तिसरा व्हॉल्यूम परवाना कंपन्या आणि कॉलेजांना अनेक यंत्रांसाठी दिला जातो.

काहीशे रुपयांत 'लाइफटाइम' म्हणून विकल्या जाणाऱ्या किल्ल्या अनेकदा या तिसऱ्या प्रकारातून बाहेर आलेल्या असतात. आपला लॅपटॉप तपासायला विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ आणि तिला लागून एक्स-पी-आर लिहून एंटर दाबा. विंडोज कायमचे सक्रिय आहे, असे उत्तर यायला हवे. त्याऐवजी पुढची एखादी तारीख दिसली, तर तो बहुधा संस्थेसाठीचा परवाना आहे. तो जास्तीत जास्त १८० दिवस चालतो आणि मग संस्थेच्या सर्व्हरकडून नवा करून घ्यावा लागतो. आपल्या घरी असा सर्व्हर नसतो. बरे, 'कायमचे' दिसले म्हणून सारे अस्सल ठरत नाही. परवान्याची तपासणी चुकवणारा प्रोग्राम, म्हणजे क्रॅकही तसे दाखवू शकतो. म्हणून बिलावर विंडोजची आवृत्ती लिहून घ्या. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बीखाली गुन्हा आहे.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो वर्षा-दोन वर्षांनी. लॅपटॉप हळू चालतो म्हणून आपण दुरुस्तीला देतो. तंत्रज्ञ स्वतःच्या पेनड्राइव्हमधले प्रो टाकतो. चिपमधली किल्ली असते होमची, त्यामुळे ती प्रोला लागू पडत नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'विंडोज सक्रिय करा' अशी फिकट अक्षरे येतात आणि ती घालवायला मग क्रॅक टाकला जातो. म्हणजे पैसे मोजून घेतलेला अस्सल परवाना आत तसाच पडून, आणि वापरात चोरीचा! उपाय साधा आहे. फायली दुसरीकडे उतरवून घ्या, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज घेऊन मूळचीच आवृत्ती टाकायला सांगा. किल्ली ते चिपमधून स्वतः वाचते आणि इंटरनेट जोडले की सक्रिय होते.

त्याआधी डिस्कच्या कुलपाची किल्ली हाताशी ठेवा. होममध्येही डिस्क आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होऊ शकते. मदरबोर्ड बदलला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. कागदावरही उतरवून घ्या. नवा लॅपटॉप सुरू करताना दुकानातल्या मुलाने स्वतःचे खाते टाकले असेल, तर ही किल्ली त्याच्या खात्यात जाते. तेव्हा खाते आपलेच टाका.

केवळ ब्राउझर, मेल आणि लिखाण एवढेच काम असेल तर डॉसचा लॅपटॉप घेऊन त्यात विंडोजऐवजी उबुंटू ही कार्यप्रणाली टाकायलाही हरकत नाही. परवाना मोफत, आणि दीर्घ मुदतीच्या (एलटीएस) आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा अद्यतने मिळतात. फक्त टॅली आणि श्रीलिपी विंडोजसाठी बनलेल्या आहेत, हे आधी ध्यानात घ्या.

वर सांगितलेली तपासणी लॅपटॉप घरी आणल्याच्या पहिल्याच दिवशी करा. परत करण्याची मुदत संपल्यावर दुकानदार ऐकत नाही.